‘इतर’ रकान्यातील विकार : मधुमेही पावलाच्या संधिनाशाची नोंद आणि खालापूर परिसर

प्रस्तावना :

रोगांच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा साथींच्या अंगाने झाला आहे. पटकी, देवी व प्लेग यांनी दप्तरे भरली, कारण या रोगांनी रयतेबरोबर राज्यकर्त्यांनाही भय घातले. जो विकार एका माणसाच्या एकाच पावलात शिरतो, फारशा वेदनेवाचून काही महिन्यांत हाडांचा चुरा करतो आणि जीव मात्र घेत नाही, त्याला दप्तरात जागा मिळण्यास फार काळ लागला. मधुमेहामुळे पावलाच्या सांध्यांचा होणारा नाश हा असा विकार होय. त्याच्या नावाचा, संकेतांकाचा आणि नोंदीचा प्रवास रायगड जिल्ह्यातील मोहोपाडा व खालापूर परिसर समोर ठेवून प्रस्तुत लेखात तपासला आहे.

विकार आणि त्याचे नाव :

हातापायांची बधिरता व दाह ही प्रमेहाची पूर्वलक्षणे होत, हे चरकसंहितेला ठाऊक होते. बधिर पायातील सांधा कोसळतो ही गोष्ट मात्र १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी सविस्तर मांडली. त्यांचे रुग्ण उपदंशातून उद्भवणाऱ्या मज्जारज्जूच्या विकाराचे होते. मधुमेहाशी हा संबंध जोडला गेला तो १९३६ मध्ये, अमेरिकेतील जॉर्डन यांच्या लेखनातून. म्हणजे मधुमेही पावलाला जे नाव मिळाले ते दुसऱ्याच रोगाच्या दालनातून उसने आलेले आहे.

विकाराचे स्वरूप फसवे असते. पाऊल लाल, गरम व सुजलेले दिसते. रुग्ण मात्र ‘फारसे दुखत नाही’ म्हणून चालतच राहतो. आरंभीच्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही. परिणामी केसपेपरवर लचक, वातरक्त अथवा त्वचेखालील जंतुसंसर्ग असे निदान लिहिले जाते आणि प्रतिजैविके सुरू होतात. खरा उपचार पाऊल प्लास्टरमध्ये बांधून त्यावरील भार काढून घेणे हा असतो. बधिर पायाला ही विश्रांती देण्याचे शास्त्र भारतात कुष्ठरोग्यांच्या सेवेतून वाढले. वेल्लोर येथील डॉ. पॉल ब्रँड यांचे कार्य या संदर्भात सर्वपरिचित आहे. चुकीचा शब्द लिहिल्याने येथे केवळ कागद बिघडत नाही. रुग्ण चालत राहतो, पावलाची कमान खाली बसते, तळव्याला जखम होते आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

यादीचा इतिहास :

रोगांची आंतरराष्ट्रीय यादी १८९३ मध्ये झाक बर्तियाँ यांनी सादर केली. ती मृत्यूच्या कारणांची यादी होती. पावलाने कोणी मरत नाही. साहजिकच पावलाला त्या यादीत स्थान असण्याचे कारण नव्हते. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती स्वीकारली, तेव्हा जिवंत माणसाच्या आजारांचाही तीत समावेश झाला. १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत या विकाराला दोन संकेतांक दिले गेले : मूळ रोगासाठी, म्हणजे प्रौढांत सामान्यतः आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी, ई ११.६ आणि सांध्यातील आविष्कारासाठी एम १४.६. पहिल्यापुढे कट्यारीचे व दुसऱ्यापुढे तारकेचे चिन्ह. ही जोडी लावावयाची तर मधुमेह व मोडलेला सांधा यांतील कार्यकारणभाव वैद्याने स्वतः लिहिलेला असावा लागतो. दोन ओळींत दोन सुटे रोग लिहून भागत नाही. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आणलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत ही जोडी मोडून ई ११.६१० असा एकच संकेतांक केला.

यातील एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. ई ११.६ या उपशीर्षकाचे नाव ‘इतर विनिर्दिष्ट गुंतागुंती’ असे आहे. डोळे, मूत्रपिंड, चेतासंस्था, रक्ताभिसरण यांना स्वतंत्र आकडे मिळाले. सांधा ‘इतरां’त राहिला.

खालापूर परिसरातील नोंद :

हा ‘इतर’ शब्द येथील दप्तराला नवा नाही. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात गावच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात होई आणि पुढे प्रांतिक अहवालांत ती पटकी, देवी, ताप, आमांश-अतिसार, इजा अशा ठरीव शीर्षकांखाली विभागली जाई. उरलेले सारे ‘इतर कारणे’. भाताच्या खाचरात अनवाणी वावरणाऱ्या शेतकऱ्याचा मधुमेह त्या रकान्यात गेला असेल, तर तो आज वेगळा काढता येत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची तरतूद केली. तात्कालिक कारण, त्यामागील कारण व मूळ कारण अशी ओळ त्यात लिहिता येते. पण वैद्याने ‘मधुमेह’ एवढेच लिहिले तर पावलाचा सारा इतिहास त्या एका शब्दात बुडतो.

१९६० मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स स्थापन झाली आणि मोहोपाड्याशेजारी रसायनी ही औद्योगिक वसाहत वाढली. शेतातील अनवाणी पाय कारखान्याच्या जाड, बंद बुटात गेला. बधिर पायाला दोन्ही घातक : एकाला काटा कळत नाही, दुसऱ्याला बुटातील खडा. २०१७ मध्ये केंद्र शासनाने त्या कंपनीचे रसायनी येथील बहुतांश प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. ९७१ उपचारपद्धतींच्या यादीवर तिची मांडणी झाली होती. संकेतांक हा आता केवळ सांख्यिकीचा विषय राहिला नाही. खर्चाची मंजुरी त्यावर अवलंबू लागली. त्याच सुमारास जवळच्या नवी मुंबईत अमेरिकन रुग्णालयांच्या कागदांना संकेतांक देण्याचा व्यवसाय रुजत होता. परदेशी रुग्णाच्या कागदावरील विकार नेमक्या आकड्यात बसविण्याचे कसब या भागातील पदवीधरांनी त्यातून मिळविले. तासाभराच्या अंतरावरील आपल्या वडिलांच्या केसपेपरवर मात्र त्यांना ‘मधुमेह, पाय सुजणे’ एवढेच वाचावयास मिळावे, ही विसंगती कसबाच्या अभावातून आलेली नाही. परदेशी कागदामागे देयक असते आणि देयकासाठी वैद्याला शब्द पुरवावेच लागतात. बाह्यरुग्ण विभागात रांग लांब असते आणि त्या शब्दांची मागणी कोणी करीत नाही.

लिहावयाचे ते वस्तुतः थोडे आहे : मधुमेहाचा प्रकार, पाऊल डावे की उजवे, कोणता सांधा, तळव्याची संवेदना, दोन पावलांच्या उष्णतेतील फरक, जखम आहे किंवा नाही आणि १९६६ मध्ये आयकेनहोल्ट्झ यांनी सांगितलेल्या तीन अवस्थांपैकी कोणती. दोन ओळींत हे मावते. पुष्कळदा केसपेपर रुग्णाच्याच पिशवीत राहतो आणि पुढच्या वैद्याला त्याच्यापलीकडे दुसरे दप्तर उपलब्ध नसते.