माणसाची परीक्षा आणि कंदिलाची परीक्षा

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. ‘सिग्नल पडला’ म्हटले की गाडी आली, हे बेलापूर भागात कोणास सांगावे लागत नसे. खांबावरचा हात आडवा असला तर थांबावयाचे, खाली कलला तर निघावयाचे; रंग न ओळखणारासही ते दिवसा कळे. रात्री मात्र हात दिसेनासा होई आणि सारा भार तांबड्या-हिरव्या दिव्यावर पडे.

त्याच सुमारास, नोव्हेंबर १८७५ मध्ये, स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे रात्री दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. दोष रंगांधतेचा, असे होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने ठरविले. लोकरीच्या रंगीत लडी पुढे टाकून त्याने रेल्वे कामगारांची परीक्षा घेतली आणि पुढे देशोदेशी अशा परीक्षा रूढ झाल्या. नापास होणार तो कामगार. कंदिलाला कोणी काही विचारले नाही. प्रवाशांच्या जिवासाठी ती परीक्षा हवी, हे आम्हांस मान्य आहे. पण मूळ अपघात खरोखर रंगांधतेमुळेच घडला काय, याविषयी मोलन या संशोधकाने सहकाऱ्यासह २०१२ साली शंका मांडली, हेही नोंदले पाहिजे.

याच मोलनने ब्रेटेल आणि व्हिएनो यांच्यासह १९९७ साली उलट दिशेची परीक्षा सिद्ध केली. डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन जातींच्या असतात. त्यांतील एक जात नसेल तर चित्र कसे दिसेल, हे संगणकाने गणित करून सर्वांना दाखवावयाचे. याला आधार मिळाला तो एकाच डोळ्याने रंगांध असलेल्या विरळा माणसांचा. दोन्ही डोळ्यांची तुलना तेच सांगू शकत. आता नकाशा, पाटी, यंत्राची कळ आधी तपासता येते. अर्थात हे अनुमानच. प्रत्येकाची दृष्टी त्यात तंतोतंत उतरत नाही.

आमच्याच युनियनची गोष्ट सांगतो. हिरव्या फलकावर तांबड्या अक्षरांत आम्ही सभांच्या सूचना रंगवीत असू. एक जुना सभासद सभांना येत नसे. आम्ही त्यास उदासीन ठरविले होते. पुढे फलकाचे छायाचित्र या गणितातून काढून पाहिले, तो अक्षरे मातकट पाटीत विरून गेलेली! तो म्हणाला, “एवढ्यासाठी यंत्र कशाला? मला विचारायचं होतं की.” पुढील सूचना आम्ही काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिली.