वाचून दाखवणाऱ्या आवाजाची कुळकथा

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावात बी.ए. करायचं, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याची भिस्त बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सवडीवर होती. पुस्तक कुणी तरी वाचून दाखवायचं, पेपर लेखनिकानं लिहायचा. ब्रेल होती. लुई ब्रेल यांनी १८२४च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांत अक्षरं बसवली. भारतीय भाषांसाठी १९५१मध्ये भारती ब्रेल ठरली. पण एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात. पदवीची संदर्भपुस्तकं त्यात येणार किती?

ही कोंडी स्क्रीन रीडरनं फोडली. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांच्या कंपनीनं १९८९मध्ये 'जॉज' आणलं. ते उत्तम होतं, पण महाग. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं 'एनव्हीडीए' लिहायला घेतलं. पुढे त्याचा अंध मित्र जेम्स टे सोबतीला आला. दोघांनी ते साऱ्या जगाला फुकट दिलं. आज त्यातून मराठीही ऐकू येते.

तरीही मराठी नोट्सपाशी गाडी अडते. 'कृतिदेव'सारख्या जुन्या फाँटमध्ये 'मराठी' टाइप केलं, की डोळ्यांना ते मराठी दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र तिथे ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तेच निरर्थक उच्चारतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून 'मराठी' हे 'मराठी'च ऐकू येतं. पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफ तर मुकीच राहते.

कायदा केव्हाच बाजूनं उभा राहिलाय. २०१२च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती करायला कॉपीराइटची आडकाठी उरली नाही. याच हेतूनं झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४मध्ये जगातला पहिला देश ठरला. २०१६मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

आता उरलंय ते आपल्या हातातलं काम. प्राध्यापकांनी नोट्स युनिकोडमध्ये टाइप कराव्यात आणि झेरॉक्सचा फोटो न पाठवता मूळ फाइल द्यावी. याला ना अनुदान लागतं, ना परिपत्रक. वर्गातल्या इतरांना नोट्स ज्या दिवशी मिळतात, त्याच दिवशी त्या दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही वाचता येणं हा त्याचा हक्क आहे.