मिरवण्याचा हक्क

कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यात 24008 क्रमांकाचं एक कलम होतं. 1958 साली आलेला हा नियम 2023 साल संपेपर्यंत टिकला. त्याचा मथितार्थ असा: गाडीत फेरफार करून, चाकं सोडून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षाही खाली आणला, तर ती गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा. यामागचं कारण पटण्याजोगं होतं. टायरमधली हवा गेली की गाडी रिमवर बसते, तेव्हा तिचं पोट रस्त्याला घासू नये.

पण कायदा कागदावर सगळ्यांसाठी सारखा असला, तरी रस्त्यावर तो कुणाला अडवतो हे पोलिसाच्या नजरेवर ठरतं. गाडी खाली बसवण्याची हौस तिथल्या गोऱ्या पोरांनाही होती. मात्र पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये ती नुसती हौस नव्हती. तिथे ती ओळख झाली होती. त्या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांना एकच नाव मिळालं: लोरायडर. त्यांची गोष्ट म्हणजे ‘रस्त्यावरून सावकाश जायचा अधिकार कुणाला आहे’ या प्रश्नाची पासष्ट वर्षांची गोष्ट आहे.

सावकाश हा शब्द इथे महत्त्वाचा. गाड्यांची हौस म्हटली की आपल्याला वेग आठवतो, आणि कॅलिफोर्नियाने तो वेडही जगाला दिलं. फोर्डने 1932 मध्ये स्वस्त गाडीत व्ही-8 इंजिन बसवलं. पुढे अशा जुन्या गाड्या पोरांच्या हाती पडल्या. त्यांचे मडगार्ड काढून, वजन उतरवून, इंजिनांची ताकद वाढवून ती पोरं मरोकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवू लागली. हे हॉट रॉड. सुरुवातीला त्यांनाही समाजाने गुंडच म्हटलं. पण 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झालं, 1951 मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली आणि 1953 मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावर तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही तिथल्या पोलिसांच्या सहकार्याने. वेगाला मैदान मिळालं, नियम मिळाले, बक्षिसं मिळाली.

संथ गाडीला मैदान देऊन भागत नाही. तिला रस्ताच लागतो, कारण तिला प्रेक्षक लागतात. इंग्रजीत तिच्या फिरण्याला ‘क्रूझिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमकं क्रियापद आहे: मिरवणं. मिरवणाऱ्याला कुठे पोचायचं नसतं. आपण आहोत, नटून आलो आहोत, आम्हाला पाहा, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

हे म्हणणं त्या वस्त्यांना महागात पडू शकतं याचा अनुभव गाड्यांच्या आधी कपड्यांनी दिला होता. 1940 च्या दशकात तिथली तरुण मुलं, म्हणजे पाचूको, झूट सूट घालत. लांबलचक कोट, रुंद खांदे, पायाशी घट्ट होणारी ढगळ पँट. युद्धामुळे कापडावर निर्बंध होते, त्यामुळे इतकं कापड अंगावर मिरवणारा देशद्रोहीच ठरे. जून 1943 मध्ये सुट्टीवर आलेल्या नौसैनिकांनी आणि शिपायांनी लॉस एंजेलिसमध्ये अशा मुलांना शोधून मारलं, भर रस्त्यात त्यांचे कपडे उतरवले. पोलिसांनी अटक केली ती बहुतांशी मार खाणाऱ्यांना. शहराच्या कौन्सिलने नंतर ठराव केला तो झूट सूटवर बंदी घालण्याचा.

युद्ध संपलं. सैन्यातून परतलेल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या हातात थोडा पैसा आला, कारखान्यांत नोकऱ्या मिळाल्या. नवी गाडी घेणं मात्र परवडत नव्हतं. मग तीस-चाळीसच्या दशकातल्या जुन्या शेव्रोले घ्यायच्या. त्या दिसायला गोलसर, दणकट आणि स्वस्त. डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकली की गाडीची मागची बाजू खाली बसे. पुढे पोत्यांऐवजी स्प्रिंगचे वेढेच कापायला सुरुवात झाली. गाडी जमिनीलगत आली की ती लांब आणि डौलदार दिसे. मात्र खड्डा आला की तळ घासे आणि पाठीचे मणके हलत. म्हणजे अशी गाडी हळूच चालवावी लागे. शैली अशी अडचणीतून जन्मली आणि मग तीच अभिमानाची झाली. स्पॅनिशमध्ये त्याला दोन शब्द रूढ झाले: ‘बाहितो, सुआवेसितो’. खाली आणि अलगद.

1958 चा नियम आला तो नेमका इथे. कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब करता येत नाही. गाडी खाली असेल तर ती कायमची खाली, आणि पोलिसाला मोजायला फार वेळ लागत नाही. ज्याने ही कोंडी फोडली तो रॉन अगिरे नावाचा दक्षिण कॅलिफोर्नियातला तरुण. त्याच्याकडे कॉर्व्हेट होती, आणि खाली बसवलेल्या गाडीसाठी दंड भरून तो कंटाळला होता. 1959 मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने गाडीला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. सामान कुठून आणलं? त्या काळी दक्षिण कॅलिफोर्निया हे विमान कारखान्यांचं आगर होतं. युद्धानंतर सैन्याचं आणि विमानांचं जुनं सामान तिथल्या दुकानांत मिळे. त्यात विमानांचे हायड्रॉलिक पंप असत. ते पंप गाडीच्या पोटात गेले.

यंत्रणा समजायला सोपी आहे. बॅटरीवर विजेची मोटर चालते, मोटर पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो. दाबलेलं तेल नळीतून चाकाजवळच्या सिलिंडरमध्ये शिरतं, आतला दांडा बाहेर सरकतो आणि गाडी वर उचलली जाते. झडप उघडली की तेल टाकीत परततं आणि गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसते. चालकाच्या हाताशी फक्त एक बटण. पोलीस दिसला, दाबलं, गाडी कायद्यात. पोलीस गेला, सोडलं, गाडी पुन्हा रस्त्यालगत. कायदा मोडायचा नाही, फक्त तो बघत असेल तेवढा वेळ पाळायचा, अशी ही युक्ती.

योगायोग असा की याच सुमारास शेव्रोलेने या मंडळींना हवी तशी गाडी काढली. 1958 ते 1964 या काळातल्या इम्पालाचा सांगाडा इंग्रजी एक्स या अक्षरासारखा होता. दोन्ही कडांना लांब लोखंडी पट्ट्या नव्हत्या, भार मधल्या कण्यावर होता. त्यामुळे गाडी कितीतरी खाली आणता येई. सव्वापाच मीटरहून लांब, सपाट आणि पसरट अशी 1964 ची इम्पाला पुढे या पंथाची आराध्य गाडी झाली. हायड्रॉलिकही बदलत गेलं. चारही चाकांना वेगळे सिलिंडर आले, डिकीत बॅटऱ्यांच्या रांगा लागल्या. मोटरला जास्त दाबाची वीज मिळाली की ती इतक्या झटक्यात फिरे की गाडीचं पुढचं तोंड जमिनीवरून उडी मारे. पोलिसाला चकवण्यासाठी केलेली युक्ती नाच झाली.

ही सगळी कामं घराच्या मागच्या अंगणात आणि गल्लीतल्या गॅरेजांत होत. एक वेल्डिंग करणारा, एक गाद्या शिवणारा, एक रंगारी. रंगाचं काम सर्वांत चिकाटीचं. आधी चंदेरी किंवा सोनेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे एकावर एक पातळ हात, आणि वर चकाकीचं आवरण. उन्हात गाडी अशी दिसते की रंग पत्र्यावर नाही, पत्र्याच्या आत खोलवर आहे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या लाखो गाड्यांपैकी एक गाडी अशा रीतीने जगात एकमेव होई. सहा दिवस दुसऱ्याच्या कारखान्यात एकसारखे सुटे भाग जोडणाऱ्या माणसाला याचं मोल काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग रविवारची संध्याकाळ आणि व्हिटियर बुलेव्हार्ड. पूर्व लॉस एंजेलिसमधला हा बाजाररस्ता. पन्नास आणि साठच्या दशकांत शेजारच्या बॉइल हाइट्समधून आणि आसपासच्या वस्त्यांतून एकामागून एक द्रुतगती मार्ग काढले गेले. घरं पडली, मोहल्ले तुटले, आणि त्या वस्त्यांच्या डोक्यावरून दुसरीकडे राहणाऱ्यांच्या गाड्या वेगाने जाऊ लागल्या. त्याच वस्त्यांमधली माणसं खालच्या रस्त्यावर ताशी दहा-पंधरा किलोमीटरने गाडी चालवत होती, खिडक्या उघड्या टाकून, गाणी लावून, फुटपाथवर बसलेल्या आत्या-मावश्यांना हात करत. यात निषेध होता असं प्रत्येक जण म्हणेलच असं नाही. बहुतेकांना ती मजाच वाटत होती.

पण त्या रस्त्यावर निषेधही झाला. 29 ऑगस्ट 1970 रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा हजारो चिकानो लोकांचा मोर्चा व्हिटियर बुलेव्हार्डवरून गेला. शेरीफच्या शिपायांनी सभा उधळली. त्याच दिवशी याच रस्त्यावरच्या सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसलेले पत्रकार रुबेन सालाझार एका शिपायाने आत सोडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात लागून मरण पावले. त्यानंतर त्या रस्त्यावर गाडी मिरवणं पूर्वीइतकं निरागस राहणं शक्य नव्हतं.

लोरायडरांचे क्लब होतेच. ड्यूक्स हा क्लब रुएलास भावांनी 1962 मध्ये काढला होता. 1977 मध्ये सॅन होजेत काही तरुणांनी ‘लोरायडर’ मासिक सुरू केलं आणि गल्लीतल्या गोष्टीला छापील आरसा मिळाला. पण दोनच वर्षांनी, 1979 मध्ये, शेरीफने व्हिटियर बुलेव्हार्ड मिरवणाऱ्यांना बंद केला. दुकानदारांच्या तक्रारी होत्या, कोंडी होत होती, टोळ्यांची भांडणंही होत. हे खोटं नव्हतं. मात्र उपाय म्हणून भांडणारे नाहीत, मिरवणारे सगळेच हटवले गेले.

ऐंशीच्या दशकात राज्याने शहरांना मिरवण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला. त्यासाठी आधी मिरवणं म्हणजे काय हे ठरवणं भाग होतं. व्याख्या अशी झाली की गर्दीच्या रस्त्यावर, ठरावीक वेळात, पोलिसांनी नेमलेल्या त्याच त्या जागेवरून लेखी ताकीद मिळूनही पुन्हा पुन्हा जाणं. मोठा आवाज नाही, जादा वेग नाही. गुन्हा एवढाच की तुम्ही परत आलात. सॅन होजेने 1986 मध्ये आणि सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने 1992 मध्ये असे नियम केले. ‘नो क्रूझिंग’च्या पाट्या उभ्या राहिल्या.

रस्त्यावर नको असलेली वस्तू संग्रहालयात मात्र चालते. न्यू मेक्सिकोच्या चिमायो गावातल्या एका कुटुंबाने घडवलेली 1969 ची फोर्ड एलटीडी 1990 मध्ये स्मिथसोनियनने घेतली. जेसी वालादेझ यांची 1964 ची गुलाबी इम्पाला, जिच्यावर हाताने रंगवलेली गुलाबांची फुलं आहेत आणि आत मखमल आणि झुंबरं आहेत, ती ‘जिप्सी रोझ’ 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवली गेली. वालादेझ 2011 मध्येच वारले होते. त्यांनी ती गाडी ज्या रस्त्यावर मिरवली तो व्हिटियर बुलेव्हार्ड. देशाच्या राजधानीत ती राष्ट्रीय वारसा होती, आणि कॅलिफोर्नियाच्या कितीतरी गावांत त्या वेळी तिला एका चौकातून दोनदा नेणं नियमाबाहेर होतं.

हा विसंगतीचा मुद्दा लोरायडरांनी सोडला नाही. सॅन होजे आणि सॅक्रामेंटोने 2022 मध्ये आपापली बंदी उठवली, नॅशनल सिटीने 2023 मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गव्हर्नरांनी एबी 436 या विधेयकावर सही केली आणि 1 जानेवारी 2024 पासून मिरवण्यावरची राज्यभरातली बंदी आणि 24008 कलम, दोन्ही गेली. वेग, दारू, आवाज, धोकादायक चालवणं यांबद्दलचे कायदे होते तसेच आहेत.

विजय उशिरा आला की त्यात थोडी कडू चव असते. वाळूची पोती टाकून ज्या गाड्या खाली बसवल्या त्या कामगारांना परवडत म्हणून निवडल्या होत्या. आज चांगली 1964 ची इम्पाला सामान्य पगारदाराच्या आवाक्यात नाही. व्हिटियर बुलेव्हार्डवर फिरलेली पहिली पिढी आता आजोबा-पणजोबांच्या वयाची आहे, आणि त्यातले कित्येक तो 1 जानेवारी पाहायला नव्हते.

हायड्रॉलिकचं बटण मात्र अजून आहे. ज्या नियमाला चुकवण्यासाठी ते बसवलं तो नियमच उरला नाही, म्हणजे तर्काने पाहिलं तर त्याचं काम संपलं. पण रविवारी फुटपाथवर एखादं लहान पोर उभं असतं, गाडी त्याच्यासमोर येऊन जवळजवळ थांबते, आणि चालक ते बटण दाबतो. गाडीचं तोंड वर जातं, खाली येतं. पोर हसतं. गाडी अलगद पुढे जाते, आणि पुढच्या चौकातून वळून परत येते.