डोळे मिटल्यावर हात कुठे असतो?

श्रोतेहो, रात्री दिवा विझल्यावर उशाशी ठेवलेला तांब्या तुम्ही अंधारातच उचलता, आणि पाणी नेमके तोंडातच जाते. हात कुठे आहे हे तुम्हांला सांगितले कुणी? आम्ही मास्तर मंडळी वर्गात पाच ज्ञानेंद्रिये शिकवतो खरी, पण त्या पाचांत याचे उत्तर नाही.

चार्ल्स बेल या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १८२६ साली ही खबर स्नायू देतात असे मांडले होते. पुढे विद्वानांचे मत फिरले. स्नायू मुके, बोलतात ते सांधे, असे विसाव्या शतकाच्या मध्याला पुष्कळजण मानू लागले. १९६७ साली तर अमेरिकेत जाग्या रुग्णांच्या मनगटातल्या उघड्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, ओढून पाहिल्या. रुग्णांना हालचाल जाणवली नाही. झाले! खटला निकालात निघाला असेच वाटले.

तो पुन्हा उभा राहिला १९७२ साली, ऑक्सफर्डला. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज या तिघांनी माणसांचे डोळे बांधले आणि कोपराजवळ, दंडाच्या बेटकुळीच्या कंडरेवर सेकंदाला सुमारे १०० वेळा थरथरणारे यंत्र टेकवले. हात धरून ठेवला, तरी माणसाला वाटे, कोपर सरळ होतेय! दुसरा हात तसाच धरायला सांगितला तर चूक कधीकधी ४० अंशांपर्यंत जाई.

असे का व्हावे? स्नायूत चातीच्या आकाराची बारीक इंद्रिये असतात. स्नायू ताणला की ती मेंदूला कळवतात. थरथरीनेही ती तशीच चाळवतात. आता बेटकुळीचा स्नायू लांबतो कधी? कोपर सरळ होताना. मेंदू बिचारा तोच अर्थ लावतो. १९८३ साली मॅक्लॉस्की व सहकाऱ्यांनी जाग्या माणसाच्या कंडरा पुन्हा ओढून पाहिल्या. या वेळी हालचाल जाणवली.

याहून गमतीचा प्रयोग अमेरिकेतल्या लॅकनरचा, १९८८ सालचा. माणसाने चिमटीत नाक धरायचे आणि दंडावर थरथर द्यायची. हात दूर जातोय, पण नाक तर चिमटीतच! मग कित्येकांना नाकच लांब होत असल्याचे जाणवले.

आता हीच युक्ती आभासी जग दाखवणाऱ्या चष्म्यांबरोबर वापरून पाहतात. डोळ्यांपुढे चित्रातला हात हलतो, कंडरेवर थरथर चालू असते, आणि खुर्चीत स्वस्थ बसलेल्याला आपलाच हात हलल्यासारखा वाटतो. अट एकच, बरं का: हात सैल हवा. त्याने स्वतःहून स्नायू आवळला की आभास फिका पडतो.