पीपीएसएसपीपीमध्ये गेम सेव्ह होत नाही? आधी कॉपी, मग दुरुस्ती

दोन तास खेळून मिशन पूर्ण केलं, सेव्हही केलं आणि दुसऱ्या दिवशी गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू! अँड्रॉइडवर पीपीएसएसपीपी हा एम्युलेटर वापरताना असं झालं, तर सेव्ह उडालं असं लगेच समजू नका. अनेकदा फाइल फोनमध्येच असते, पण एम्युलेटर दुसऱ्याच फोल्डरमध्ये बघत असतो. म्हणून पहिला नियम: घाईघाईत ॲप अनइन्स्टॉल करू नका.

सेव्ह नेमकं कुठे जातं?

सोनीचा पीएसपी हा कन्सोल २००४ मध्ये आला. त्यात गेम मेमरी स्टिकवर सेव्ह व्हायचा. पीपीएसएसपीपी फोनमधल्या एका फोल्डरलाच मेमरी स्टिक मानतो. त्यात ‘पीएसपी’च्या आत दोन वेगळ्या जागा असतात:

• सेव्हडेटा: गेमच्या स्वतःच्या मेनूतून केलेलं सेव्ह.
• पीपीएसएसपीपी_स्टेट: एम्युलेटरच्या मेनूतून केलेलं सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणाच्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल.

आता काय करायचं?

१. कॉपी काढा. फाइल मॅनेजरमधून पूर्ण पीएसपी फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

२. फोल्डर तपासा. सेटिंग्ज, सिस्टीम, मग मेमरी स्टिक फोल्डर इथे जा. अँड्रॉइड ११ पासून ॲपना स्टोरेजमध्ये मोकळेपणाने फिरता येत नाही, त्यामुळे फोल्डर आपल्यालाच निवडून द्यावा लागतो. चुकून नवीन फोल्डर निवडला असेल, तर जुना पुन्हा निवडा.

३. ॲपची खाजगी जागा टाळा. हा पर्याय निवडला असेल, तर ॲप काढताच सगळं सेव्हही जातं. त्याच सेटिंगमधून बाहेरचा रिकामा फोल्डर निवडा आणि डेटा हलवायचा का असं विचारलं, की हो म्हणा.

४. मेमरी स्टिक लावलेली आहे ना? सिस्टीममध्ये ‘मेमरी स्टिक इन्सर्टेड’वर टिक हवी. सोबत फोनमध्ये मोकळी जागा आहे का, तेही बघा.

५. गेमची आवृत्ती जुळवा. सेव्हडेटामधल्या फोल्डरच्या नावात गेमचा कोड असतो. ‘यूएलयूएस’ म्हणजे अमेरिकन आणि ‘यूएलईएस’ म्हणजे युरोपियन आवृत्ती. एकीचं सेव्ह दुसरीला सहसा दिसत नाही.

सेव्ह स्टेटचा सापळा

समजा, सोमवारी सेव्ह स्टेट केलं आणि बुधवारी गेमच्या मेनूतून सेव्ह केलं. गुरुवारी सवयीने सोमवारचं स्टेट लोड केलं, तर गेम सोमवारवर जातो. तिथून त्याच स्लॉटमध्ये पुन्हा सेव्ह केलं, की बुधवारचं सेव्ह पुसलं जातं! शिवाय एम्युलेटर अपडेट केल्यावर जुनी स्टेट चालतीलच याची खात्री नसते.

त्यामुळे अवघड बॉसच्या आधी सेव्ह स्टेट खुशाल वापरा. पण खेळ थांबवताना आणि अपडेट करण्याआधी गेमच्या मेनूतूनच सेव्ह करा. फोन बदलताना सेव्हडेटा फोल्डर सोबत घ्या, म्हणजे जिथे थांबलात तिथूनच पुढे खेळता येईल.