मोहरी फेसण्याचा इतिहास

रायत्यासाठी मोहरी फेसायची तर पाणी गारच घ्यायचे, हा अनेक मराठी घरांतला जुना दंडक. गार पाण्याचा हबका मारत मोहरी वाटायची आणि नाकात झणका बसला की थांबायचे. वसतिगृहात असताना आम्ही घाईत हा दंडक मोडला. मोहरीच्या पुडीवर चहाच्या आधणातले उकळते पाणी ओतले. तयार झाला तो कडवट, मिळमिळीत लगदा. अर्धा तास वाट पाहिली, पण नाकाला काही झोंबले नाही. मोहरी जुनी असावी, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातली पूड गार पाण्यात कालवली, तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी आले.

म्हणजे दोष मोहरीचा नव्हता, पाण्याचा होता. पण गार पाण्याने असे काय होते?

हा दंडक फक्त आपल्याकडचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या बाराव्या भागात मोहरीची चटणी करण्याची रीत आहे. मोहरी चाळून गार पाण्याने धुवावी, दोन तास पाण्यात ठेवावी, मग पिळून खलात बारीक वाटावी, असे तो सांगतो. पुढे त्यात व्हिनेगर घालायचे असते.

त्यानंतरचा पालाडियस हा लेखक तर चक्क प्रमाण देतो : मोहरीची पूड दीड सेक्स्टारियस, मध ५ पौंड, स्पेनचे तेल १ पौंड आणि कडक व्हिनेगर १ सेक्स्टारियस. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा आणि सेक्स्टारियस साधारण अर्ध्या लिटरचा. म्हणजे पाऊण लिटरभर पुडीला दीड किलोहून जास्त मध! गोड आणि झणझणीत यांची जोडी इतकी जुनी आहे. इंग्रजीतला ‘मस्टर्ड’ हा शब्दही द्राक्षाच्या ताज्या, गोड रसाच्या ‘मुस्टुम’ या लॅटिन नावावरून आला, कारण मोहरी त्या रसात कालवत असत. आपल्याकडे गोव्यातले आंब्याचे सासव याच जातीचे. त्यात पिकलेले आंबे, गूळ आणि नारळाच्या वाटणात मोहरी असते. सासव हे नावही संस्कृत ‘सर्षप’ म्हणजे मोहरी, यावरूनच पडले.

कृती ठाऊक होती, कारण मात्र ठाऊक नव्हते. ते कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३१च्या सुमारास रोबिके आणि बूत्रों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की, मोहरीचे झोंबणारे तेल बियांत आयते नसतेच. पाण्याचा संबंध आल्यावर ते तयार होते. १८४० मध्ये त्यांचेच देशबांधव आंत्वान ब्यूसी यांनी मोहरीतून दोन पदार्थ वेगळे केले. एक स्फटिकरूप, त्याला आज आपण सिनिग्रिन म्हणतो. दुसरा प्रथिनासारखा, त्याला त्यांनी मायरोसिन हे नाव दिले. दोन्ही पाण्यात एकत्र आले की झणका तयार!

मायरोसिन हे विकर, म्हणजेच एन्झाइम. हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, तो १८७०च्या दशकात आला. स्टार्चचे विघटन करणारे डायास्टेज १८३३ मध्ये सापडले होते. म्हणजे विकरांच्या अभ्यासाच्या अगदी आरंभीच मोहरी प्रयोगशाळेत पोचली होती. सिनिग्रिनच्या रेणूची रचना मात्र बराच काळ चकवत राहिली. १८९७ मध्ये गाडामर यांनी सुचवलेली रचना जवळजवळ साठ वर्षे मानली गेली. ती चूक असल्याचे १९५६ मध्ये एटलिंगर आणि लंडीन यांनी दाखवून दिले.

अख्ख्या दाण्यात सिनिग्रिन आणि विकर वेगवेगळ्या ठिकाणी बंदिस्त असतात. किडीने दाणा कुरतडला किंवा आपण तो वाटला की दोघांची गाठ पडते. पाण्याच्या साहाय्याने विकर सिनिग्रिन तोडते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारे, झोंबणारे द्रव्य तयार होते. वनस्पतीसाठी हे संरक्षण आहे. उकळत्या पाण्याने विकर निकामी होते, मग सिनिग्रिन असूनही उपयोग नसतो. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही, ती यामुळेच. म्यूनिकच्या योहान कोनराड डेव्हेले यांनी १८५४ मध्ये आणलेल्या गोड बव्हेरियन मोहरीचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. अशा चटणीसाठी काही भरड मोहरी भाजून घेतात, त्यामुळे झणका कमी होतो आणि साखरेची गोडी पुढे येते.

हे सारे वर्गात पडताळता येईल. ताजी वाटलेली मोहरीची पूड तीन वाट्यांत सारखी घ्यावी. एकीत गार पाणी, दुसरीत उकळते पाणी, तिसरीत व्हिनेगर घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. वाटीत नाक खुपसू नये, हाताने वारा घालून वास घ्यावा. आंबट द्रवात विकर मंदावते, म्हणून तिसऱ्या वाटीत झणका कमी जाणवेल. पण पहिल्या वाटीत झणका चढल्यावर व्हिनेगर घातले, तर तो अधिक काळ टिकतो. घरी चटणी करायची तर क्रम हाच : चार चमचे पूड, चार चमचे गार पाणी, दहा मिनिटे विश्रांती, मग दोन चमचे व्हिनेगर, दोन-तीन चमचे गूळ किंवा मध आणि चवीपुरते मीठ. ताजी चटणी थोडी कडवट लागते, दुसऱ्या दिवशी कडवटपणा उतरतो.

प्रयोगानंतर एखादा विद्यार्थी विचारेल, “म्हणजे आजीला एन्झाइम माहीत होते का?” नव्हते, असे सरळ सांगावे. तिला माहीत होते ते पाण्याचे, वेळेचे आणि क्रमाचे गणित. ते पिढ्यान्‌पिढ्या करून पाहून आणि चुका सुधारून हाती आले होते. ब्यूसींनी त्या गणिताचे कारण शोधले. आम्ही मात्र उकळते पाणी ओतून मोहरीलाच दोष दिला, आणि पाणी बदलून पाहायला एक दिवस घालवला.