पालघरचा शार्दूल ठाकूर : एका धंदेवाईक खेळाडूची संघयात्रा



"खेळून का कोठें पोट भरतें?" हा प्रश्न आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे, आणि आम्हां शाळामास्तरांनीं तो सर्वांत अधिक वेळां विचारला असेल. आमच्याच पालघर तालुक्यांतील एका मुलानें त्या प्रश्नाला जें उत्तर दिलें, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो मुलगा म्हणजे गोलंदाज शार्दूल ठाकूर. भारताच्या संघांतून त्यानें केलेला पराक्रम वर्तमानपत्रांनीं घरोघर पोंचविला आहे. जानेवारी 2021 मध्यें ब्रिस्बेन येथें त्यानें सात बळी घेतले व 67 धांवा काढल्या, हें कोणास सांगावयास नको. मी बोलणार आहें तें मुख्यतः त्याच्या धंद्याविषयीं, म्हणजे ज्या ज्या संघांनीं त्याला दाम देऊन खेळविलें त्यांच्याविषयीं.

'धंदेवाईक खेळाडू' हा शब्द पूर्वीं कांहींशा तुच्छतेनेंच उच्चारला जाई. इंग्लंडांतहि तेंच होतें. 1895 सालीं हडर्सफील्ड येथें जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील रग्बी मंडळांची सभा भरली. गिरणींत किंवा खाणींत राबणारा खेळाडू सामन्यास गेला म्हणजे त्याची मजुरी बुडे; ती भरून द्यावी कीं नाहीं, एवढाच वाद होता. प्रतिष्ठित मंडळींना ही मागणी अधर्म्य वाटली. वीस-बावीस मंडळें फुटून निघालीं व त्यांतूनच पुढें रग्बी लीग हा निराळा खेळ जन्मास आला. त्याच भागांतील लँकेशायरच्या गिरणगांवांनीं क्रिकेटसाठींहि पगारी खेळाडू ठेवले. आपले अमरसिंग कोल्न येथें आणि विनू मंकड हॅस्लिंग्डन येथें असेच पगारावर खेळत. 1952 सालीं लॉर्ड्सच्या कसोटीकरितां मंकडांना त्यांच्या मंडळाकडून अक्षरशः मागून आणावें लागलें. आणि त्यांनीं 72 व 184 धांवा काढल्या.

आपल्याकडील रीत निराळी. पळवणकर बाळू यांनीं आरंभीं पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबांत मैदानाची चाकरी केली, आणि पुढें ते रेल्वेच्या नोकरींत राहून खेळले. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या पुरुषाला खेळाडू म्हणून वेतन देण्याची सोय तेव्हां नव्हती. त्यानंतरहि मुंबईंत बराच काळ हाच परिपाठ चालला : नोकरी बँकेची किंवा कंपनीची, आणि खेळ तिच्या संघासाठीं. 2008 सालीं इंडियन प्रीमियर लीग निघाली आणि खुद्द खेळाडूच लिलावांत उभा राहिला. शार्दूल या नव्या काळचा; मात्र त्याची घडण सर्वस्वी जुन्या पद्धतीची.

त्याचें गांव माहीम. हें मुंबईचें माहीम नव्हे; हें केळव्याशेजारचें, वाड्या-बागाईतींचें माहीम. पालघर तालुक्यालाच एके काळीं माहीम तालुका म्हणत, हें आज येथल्या तरुणांनाहि ठाऊक नसतें. 16 ऑक्टोबर 1991 हा त्याचा जन्मदिवस. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरांत असतांना तो बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध खेळला आणि त्या शाळेचे क्रिकेटशिक्षक श्री. दिनेश लाड यांच्या नजरेस भरला. आपल्या शाळेंत यावें, असें लाडांनीं सुचविलें. पण बोईसर-पालघरकडून बोरिवलीस रोज जावयाचें कसें? चर्चगेटहून निघणारी लोकल तेव्हां विरारला संपे. ती डहाणूपर्यंत धांवूं लागली एप्रिल 2013 मध्यें. तोंवर आमच्या लोकांचा आधार म्हणजे पॅसेंजर आणि शटल. एक गाडी चुकली कीं सबंध सकाळ गेली, असा तो काळ. अखेर लाड यांनीं मुलाला आपल्याच घरीं ठेवून घेतलें. सुमारें एक वर्ष तो त्यांच्या घरांतलाच होऊन राहिला. रोहित शर्माहि याच शाळेचा व याच गुरूंचा विद्यार्थी. शार्दूलनें तेथें असतां हॅरिस शील्डच्या सामन्यांत एका षट्कांत सहा षट्कार मारले, आणि दूरच्या गांवचा हा मुलगा मुंबईच्या मैदानांवर ओळखला जाऊं लागला. पुढें तो पुन्हां पालघरहून ये-जा करूं लागला. खांद्यावर क्रिकेटची अवजड पिशवी आणि भोंवतीं दूधवाल्यांची, नोकरदारांची गर्दी, अशा स्थितींत पहाटे डब्यांत शिरणें हा मला तरी चेंडू टाकण्याइतकाच कठीण व्यायाम वाटतो.

नोव्हेंबर 2012 मध्यें जयपूर येथें राजस्थानविरुद्ध तो मुंबईकडून प्रथम उतरला. आरंभ निराशेचा झाला. पहिल्या चार सामन्यांत अवघे चार बळी, आणि तेहि एकेक 82 धांवांना. पुष्कळांचा खेळ येथेंच संपतो. परंतु पुढच्या मोसमांत त्यानें 27 आणि 2014-15 मध्यें 48 बळी घेतले. फेब्रुवारी 2016 मध्यें पुण्याजवळ गहुंजे येथें सौराष्ट्राशीं रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. त्याच्या दुसऱ्या डावांत शार्दूलनें 26 धांवांत पांच गडी बाद केले आणि मुंबई एक डाव व 21 धांवांनीं जिंकली.

आतां लिलावाची गोष्ट. पंजाबच्या संघानें 2014 सालीं त्याला 20 लाखांस घेतलें, आणि तो मोसम त्यानें बाकावर बसून काढला. 2017 मध्यें तो पुण्याच्या संघांत गेला. हा संघ दोनच वर्षें जगला. त्याचा अखेरचा सामना म्हणजे हैदराबादचा अंतिम सामना. तो मुंबई इंडियन्सनें एका धांवेनें जिंकला. 2018 मध्यें चेन्नईनें 2 कोटी 60 लाख मोजले, आणि त्याच वर्षीं संघ अजिंक्य ठरला. 2019 च्या अंतिम सामन्यांत समोर पुन्हां मुंबई इंडियन्स. शेवटच्या चेंडूवर दोन धांवा हव्या होत्या, फलंदाज होता शार्दूल, गोलंदाज मलिंगा. आणि तो पायचीत झाला. पुन्हां पराभव एका धांवेचा! असा प्रसंग एखाद्याला कायमचा खचवूं शकतो. 2021 मध्यें चेन्नई पुन्हां अजिंक्य झाली, तेव्हां मात्र त्या मोसमांत शार्दूलच्या नांवावर 21 बळी होते व अंतिम सामन्यांत कोलकात्याचे तीन गडी त्यानें टिपले होते.

लगेच भाव चढला. 2022 मध्यें दिल्लीनें 10 कोटी 75 लाख दिले, आणि एका वर्षांतच त्याला कोलकात्याकडे सोंपविलें. एप्रिल 2023 मध्यें ईडन गार्डनवर कोलकात्याचे पांच गडी 89 धांवांत बाद झाले असतां त्यानें 29 चेंडूंत 68 धांवा कुटल्या. तरी तो संघहि सुटला. 2024 मध्यें चेन्नईनें त्यालाच 4 कोटींत परत नेलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जेद्दा येथें लिलाव झाला. 2 कोटी या पायाभूत किमतीला त्याच्यासाठीं एकाहि संघानें हात वर केला नाहीं. पावणेअकरा कोटींचा मनुष्य अवघ्या तीन मोसमांत कोणासच नकोसा झाला! हा तेजी-मंदीचा हिशेब मला कधींच उलगडलेला नाहीं.

अशा वेळीं पाठीशीं राहिला तो घरचा संघ. मार्च 2024 मध्यें तामिळनाडूशीं रणजीच्या उपांत्य सामन्यांत मुंबईचे सात गडी 106 धांवांत गेले असतां त्यानें 105 चेंडूंत 109 धांवा केल्या होत्या; प्रथम श्रेणींतील हें त्याचें पहिलें शतक, आणि त्या वर्षीं मुंबईनें आपला 42 वा रणजी करंडक मिळविला. जेद्दानंतर तो पुन्हां याच संघांत राबला. जानेवारी 2025 मध्यें जम्मू-काश्मीरविरुद्ध त्यानें 119 धांवा काढल्या. त्या सामन्यांत मुंबई हरली, पण लाज राखली ती त्यानेंच. त्यानंतरच्याच सामन्यांत मेघालयाचे तीन फलंदाज त्यानें लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. इंग्लंडांतील एसेक्स परगण्याशीं त्याचा करारहि ठरला होता. इतक्यांत लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला व त्याच्या जागीं शार्दूलला बोलावणें आलें. एसेक्सचा बेत राहून गेला. 27 मार्च 2025 रोजीं हैदराबाद येथें त्यानें 34 धांवांत चार बळी घेतले, आणि या स्पर्धेंतील त्याचे शंभर बळी त्याच दिवशीं पुरे झाले.

नोव्हेंबर 2025 मध्यें लखनौनें 2026 च्या मोसमाकरितां त्याला मुंबई इंडियन्सकडे दिलें. ज्या संघानें दोनदां एका धांवेनें त्याच्या हातचा करंडक नेला होता, तोच हा संघ, आणि बोरिवलीच्या शाळेचा रोहित शर्मा त्यांतच होता. किंमत ठरली 2 कोटी. म्हणजे जेद्दास जी कोणी द्यावयास तयार नव्हतें, तीच.